निकुरे सरांना एक तास पाहायचा होता

मुख्याध्यापकाने आपल्याच शाळेतल्या एखाद्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसावं आणि घंटा होईपर्यंत बसूनच राहावं, याला कायद्यात कुठेही बंदी नाही. देवानंद निकुरे सरांनी नंतर मुद्दाम शोधून पाहिलं. नाहीच. पण हे शोधून पाहायची वेळ आली तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. वनविभागाची गाडी येऊन गेली होती, सरांच्या नाकावर आडवी पट्टी बसली होती आणि आलापल्लीपासून पार सिरोंचापर्यंतचे शिक्षक त्यांना 'बिबट सर' म्हणू लागले होते.

सुरुवात झाली ती एका फोनने.

तुमरीटोल्याच्या जिल्हा परिषद शाळेत फोन म्हणजे साधी गोष्ट नव्हे. शाळेच्या इमारतीत रेंज येत नाही. ती येते फक्त हातपंपाशेजारच्या कडुनिंबाखाली, तेही जमिनीपासून माणसाच्या डोक्याच्या वर. म्हणून निकुरे सरांचा फोन शाळेच्या वेळात पिशवीत घालून कडुनिंबाला टांगलेला असायचा. तो वाजला की पाण्याला आलेली कोणतीही बाई "सर, झाड बोलावून राह्यलं!" म्हणून ओरडायची आणि सर खडू हातात घेऊनच धावायचे.

त्या दिवशी झाडावर केंद्रप्रमुख होते. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब. हे गोविंदा वाढई. माणूस मनाने चांगला, पण वरच्या ऑफिसने फुंकर मारली की इकडून आवाज काढणारी पुंगी.

"सर, एक नाव द्या न," वाढई म्हणाले.

"कायचं नाव?"

"'सुधारणा आवश्यक' वाल्या मास्तरचं. वरून प्रशिक्षण लावून राह्यले. हॉल ठरला, जेवणवाला ठरला, फ्लेक्स छापून आला. आता फक्त शिकवता न येणारे मास्तर कमी पडून राह्यले. दर शाळेतून एक नाव पाहिजे."

"पण मी अजून कोणाचा तासच पाह्यला नाई त."

पलीकडे वाढईंनी दीर्घ श्वास घेतला. "तास पाहून कोणी नाव देते का सर? असं कराले गेलो त जेवणवाला पळून जाईन. ते मंगली मॅडमचं टाकून द्या. नवीन आहे, काई बोलत नाई."

मंगली मडावी ही शाळेतली सर्वांत तरुण शिक्षिका. तिसरीचा वर्ग तिच्याकडे होता. शिक्षणसेवक म्हणून तिची मुदत संपत आली होती आणि कायम होण्यासाठी मुख्याध्यापकाचा अहवाल जायचा होता. त्या अहवालाच्या आधी तिचं नाव या यादीत गेलं, की अहवालात कितीही गोड लिहा, वर बसलेला कारकून यादीच पाहणार.

निकुरे सर काही क्रांतिकारक नव्हते. वरून आलेला प्रत्येक कागद त्यांनी आजवर भरून पाठवला होता. शाळेत नळ किती, त्यांपैकी गळणारे किती, न गळणाऱ्यांमागे विद्यार्थी किती, हेही कळवलं होतं. पण 'काई बोलत नाई' हे शब्द त्यांच्या मनात कुठेतरी रुतले.

"वाढई साहेब," ते म्हणाले, "मी तिचा तास पाहीन. मग सांगीन. तोवर रकाना कोरा."

एवढंच. एक तास पाहायचा. ज्याने कधी घर बांधायला काढलं आहे त्यालाच कळेल की 'एवढंच' हा शब्द माणसाचा कसा घात करतो.

दुसऱ्या दिवशी सर स्वतःची खुर्ची स्वतः उचलून तिसरीच्या वर्गात गेले. पोरं उभी राहिली, एका सुरात नमस्ते झालं, पोरं बसली. मंगली मॅडमनी फळ्यावर तारीख लिहिली. तेवढ्यात दारात इतवारीबाई आल्या. या शाळेची खिचडी रांधायच्या.

"सर, चव घ्या."

"थोड्या वेळानं घेतो, बाई."

"मंग पोराईले बी थोड्या वेळानं वाढतो. सरनं चव घेतल्याबिगर वाढाचं नाई, असं तुमीच सांगतलं."

सांगितलं होतं खरं. सरांनी चव घेतली, रजिस्टरवर 'रुचकर' लिहिलं आणि परत येऊन बसतात न बसतात तो झाड बोलावू लागलं. ऑफिसला शाळेतल्या झाडांची संख्या हवी होती, ज्या झाडाखाली उभं राहून सर बोलत होते ते धरून. तिथून परतताना उपकेंद्राच्या नर्सबाई भेटल्या. जंताच्या गोळ्या मुख्याध्यापकांच्या समोरच द्यायच्या, असा त्यांचा नियम. गोळ्या होतात तो एक पालक पोराच्या दाखल्यासाठी व्हरांड्यात उकिडवा बसलेला. पोराचं नाव आधारवर पवन आणि शाळेत पवनकुमार. या कुमाराचं काय करायचं यावर बराच ऊहापोह झाला.

सर वर्गात पोचले तेव्हा घंटा होत होती. त्या दिवशीच्या निरीक्षणाचा सारांश असा: मॅडमचं अक्षर चांगलं आहे आणि तारीख बरोबर होती.

पुढचे काही दिवस असेच गेले. कधी खुर्चीच सापडेना, कारण ती बँकेच्या माणसाला बसायला दिलेली. कधी सर बसले तर मॅडमलाच बोलावणं आलं. शाळेत बातमी फुटली ती वेगळीच. सहावी-सातवी पाहणारे सुरेंद्र लेनगुरे सर, निकुऱ्यांचे जुने दोस्त, मधल्या सुट्टीत जवळ येऊन बसले.

"देवा, मुख्याध्यापक झाल्यापासून तुले माणसाइचा संशय यायले लागला का?"

"संशय नाई रे. पाहून राह्यलो."

"पाहाचं काय त्यात? सगळ्याइले 'उत्तम' दे. मले 'अतिउत्तम' दे. माह्या बुडाखालून खुर्ची नको सरकवू, बस."

घरी, आलापल्लीला, गिरजाबाईंनी हे सगळं भाकरी थापता थापता ऐकलं. त्या भद्रावतीच्या. वडील तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, त्यामुळे तपासणी या विषयावर आपल्याला जन्मजात अधिकार आहे असं त्यांचं मत होतं.

"बाबा सांगायचे," त्या म्हणाल्या, "गोळा न पाहता पास केला त तो कोणापाशी फुटन याचा नेम नाई. न पाहता नापास केला त बनवणारा फुटते. तुमी पाहाच. त्या पोरीचं नाव गेलं त मी तुमाले जेवाले वाढणार नाई."

हा सल्ला होता की आदेश, हे संसारात विचारायचं नसतं.

सगळ्यात घातक सल्ला मात्र शेजारच्या लटारूभाऊंचा. लटारूभाऊ निवृत्त वनरक्षक. त्यांना जगातल्या कुठल्याही अडचणीवर जंगलातला तोडगा सुचायचा.

"सर, तुमचं चुकते कुठी सांगू? तुमी खुर्ची घेऊन जाता. खुर्ची दिसली की खिचडीवाली येते, नर्स येते, मॅडम बी घाबरते. जनावर पाहाचं असन त मचाण बांधा लागते. त्यानं तुमाले पाहाले नाई पाहिजे, तुमाले तो दिसाले पाहिजे."

"भाऊ, ती शिक्षिका आहे."

"कोणी बी असो. लपून पाह्यलं तेच खरं."

सरांना हे पटायला नको होतं. पण माणूस जेव्हा सरळ मार्गाने आपल्याच शाळेतल्या वर्गात घुसू शकत नाही, तेव्हा मचाणही सुसंस्कृत वाटू लागतं.

तिसरीच्या वर्गाला मागच्या बाजूने, उंचावर, सिमेंटची जाळी आहे. त्या दिवशी सकाळी सरांनी स्वयंपाकघरातून खिचडीचा सगळ्यात मोठा गंज, म्हणजे पातेलं, गुपचूप उचलला आणि जाळीखाली पालथा घातला. लेनगुरे सरांना सांगितलं, 'मी तालुक्याले चाललो.' थंडी कडाक्याची होती. अंगावर गिरजाबाईंनी घुग्घुसच्या बाजारातून आणलेली शाल होती. ऊबदार होती, दिसायलाही बरी होती. रंग पिवळा आणि त्यावर काळे ठिपके.

गंजावर उभं राहून सरांनी जाळीला डोळे लावले. आणि काय सांगावं, पहिल्यांदाच त्यांना तास दिसू लागला! कोणी हाक मारत नव्हतं. मंगली मॅडम पोरांत फिरत होत्या. एका मुलीच्या पाटीशी वाकून काहीतरी गोंडीत पुटपुटत होत्या. ती मुलगी हसली. सर इतके रंगले की आणखी नीट दिसावं म्हणून त्यांनी चष्म्यासकट तोंड जाळीत कोंबलं.

सुकलू नावाचा एक पोरगा नेमका तेव्हा छताकडे पाहत सातचा पाढा आठवत होता. त्याला जाळीत दोन चमकते डोळे दिसले. खाली पिवळ्यावर काळे ठिपके.

"मॅडम! बिबट!"

यानंतर मंगली मॅडमनी जे केलं ते शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात असायला हवं. त्या किंचाळल्या नाहीत. दार लावलं, पोरांना समोरच्या कोपऱ्यात एकत्र केलं, फळ्यावरची लाकडी पट्टी उचलली, बाकावर चढल्या आणि जाळीतून बिबट्याच्या नाकावर ती सणकन हाणली.

सर गंजावरून गेले. गंज उतारावरून गेला. हातपंपाच्या ओट्यावर आपटून तो असा घणघणला की गावातला प्रत्येक माणूस काहीतरी हातात घेऊन शाळेकडे धावला. काठ्या, कुऱ्हाडी, एकाने तर डफडं आणलं. सर शालीत गुंडाळलेले, नाक दोन्ही हातांनी धरलेलं, चिखलात बसून ओरडत होते, "मी आहो! मी! मुख्याध्यापक!" पण नाक धरून ओरडल्यामुळे ते नेमकं गुरगुरण्यासारखं येत होतं.

इतवारीबाई पुढे झाल्या म्हणून वाचले. "थांबा, थांबा, हे त सर होय," त्या म्हणाल्या. मग गंजाकडे पाहून, "आन् हा माहा गंज होय. आता यात मी रांधू कशी?"

कोणीतरी आधीच फोन केला होता, त्यामुळे वनविभागाची गाडीही आली. वनरक्षकाने नियमाप्रमाणे जाळीखालच्या पाऊलखुणा तपासल्या. बराच वेळ वाकून पाहिलं आणि शेवटी म्हणाला, "जनावर चप्पल घालून आलतं."

संध्याकाळच्या आत चिखलातल्या सरांचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला. आणि दोन-तीन दिवसांत तालुक्याच्या ऑफिसातून पत्र: 'शालेय आवारात वन्यप्राणीसदृश वर्तन केल्याबाबत खुलासा सादर करावा.'

इथे दुसरा एखादा माणूस खचला असता. नाक सुजलेलं, पोरं रस्त्यात दिसली की एकमेकांना चिमटे काढणारी, लेनगुरे सर येता-जाता हळूच डरकाळी फोडणारे. निकुरे सरांनाही पहिले दोन दिवस वाटलं की बदली घ्यावी, सिरोंचाच्याही पलीकडे जावं. पण ते पत्र पुन्हा पुन्हा वाचताना त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. पत्रात गंज होता, शाल होती, वनविभाग होता. त्या दिवशी ते वर्गात काय पाहत होते, याबद्दल एक अक्षर नव्हतं. कोणाला ते जाणून घ्यायचंच नव्हतं.

सरांच्या पाठीचा कणा हळूहळू सरळ होत गेला. त्यांनी खुलासा लिहिला: 'सदर वर्तन वन्यप्राणीसदृश नसून मुख्याध्यापकसदृश होते. मुख्याध्यापकाने वर्ग पाहू नये असे असल्यास तसे लेखी कळवावे. पाहावे असे असल्यास केव्हा पाहावे, तेही कळवावे.'

गिरजाबाईंनी तो वाचला आणि ताटात जास्तीची भाकरी वाढली.

उत्तर आलं ते सभेचं बोलावणं म्हणून. तालुक्यातल्या सगळ्या मुख्याध्यापकांची सभा, विषय 'मुख्याध्यापक सक्षमीकरण'. समोर नव्या गटशिक्षणाधिकारी रुपाली सोनटक्के मॅडम. घाटावरून नुकत्याच बदलून आलेल्या, कामाला कडक, शिस्तीच्या. पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'मुख्याध्यापक हाच शैक्षणिक नेता' असं लिहिलेलं, आणि खाली एक माणूस डोंगराच्या टोकावर झेंडा घेऊन उभा. त्या माणसाला फोन नव्हता, खिचडी नव्हती. नेता होणारच तो.

"तुमरीटोला," मॅडमनी यादीवर बोट ठेवलं. "सगळ्या शाळांची नावं आली. तुमचा रकाना कोरा का?"

सर उभे राहिले. मागून कोणीतरी 'बिबट!' म्हणालं आणि सगळं सभागृह खदखदलं. सरांनी हसू संपेपर्यंत वाट पाहिली. नाकावरची पट्टी सारखी केली.

"मॅडम, मी कोणाचा पूर्ण तास पाह्यला नाई. म्हणून कोरा."

"मग पाहा ना. तुमचं कामच आहे ते."

"तेच म्हणून राह्यलो मी. काम माहं आहे, पण वेळ तुमच्यापाशी आहे." त्यांनी सभागृहाकडे वळून पाहिलं. "इथी बसलेल्या कोणत्या मुख्याध्यापकानं यंदा एक तास, घंटेपासून घंटेपर्यंत, पाह्यला? हात वर करा."

पंखा फिरत होता. वाढई साहेब आपल्या बुटांचं निरीक्षण करत होते. हात एकही वर नव्हता.

"आणि नावं सगळ्याइची आली," सर म्हणाले.

सोनटक्के मॅडमचा चेहरा आवळला. "निकुरे सर, आम्ही तुम्हाला पुस्तिका दिली आहे, प्रशिक्षण देतो आहोत. आणखी काय मदत हवी?"

"पुस्तिका नको, मॅडम. फ्लेक्स बी नको. मले असा एक तास पाहिजे की ज्यात मले कोणी हाक मारणार नाई. आणि तुमी माह्या बाजूला येऊन बसा. तुमाले काय दिसते ते मले समजन, मले काय दिसते ते तुमाले. आपण दोघं भांडू. मंग ठरवू कोणाले सुधारणा लागते ते. याच्याशिवाय कोणाच्या पोटावर लाल शाई मी सांडणार नाई."

"आणि मी नाही आले तर?"

"त रकाना कोराच राहीन."

सरांना वाटलं होतं, आता आपण एकटेच उभे आहोत. तशात भिंतीकडून एक म्हातारा मुख्याध्यापक खाकरला. "मॅडम, आमच्या शाळेचं नाव बी वापस द्या जी. ते मी असंच टाकलं होतं. हजेरीपटावरून, खालून पहिलं." मग आणखी एक उठला. मग खिडकीकडची एक बाई. सभा संपेपर्यंत यादीत इतकी भोकं पडली की जेवणवाल्याला निरोप द्यावा लागला.

मॅडमनी कागद गोळा केले. "उद्याच येते तुमच्या शाळेत," त्या म्हणाल्या. हे आश्वासन नव्हतं, धमकी होती. सरांनी ते दोन्ही समजून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी मॅडमची गाडी आली, सोबत वाढई साहेब. सरांनी वाढईंना कडुनिंबाखाली खुर्ची टाकून दिली. "साहेब, इथी बसा. जे काई येईन ते तुमी पाहा." वाढई हसत बसले. त्यांना वाटलं, सावली आहे, बरं आहे.

तिसरीच्या वर्गात मागच्या बाकावर निकुरे सर आणि सोनटक्के मॅडम गुडघे हनुवटीला लावून बसले. ते बाक तिसरीच्या पोरांच्या मापाचे होते. मंगली मॅडमनी साडीचा पदर खोचला. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज पक्का होता. धडा होता हातच्याच्या वजाबाकीचा. त्यांनी तेंदूच्या सुकल्या पानांचे छोटे पुडके बांधून आणले होते.

"हा एक पुडका. यात पानं किती? दहा."

सुकलूने हात वर केला. "मॅडम, पुडक्यात दहा नाई राह्यत. सत्तर राह्यतेत."

"आपल्या वर्गातल्या पुडक्यात दहा आहेत."

"मंग फडीवाला नाई घेणार."

ज्या घरात उन्हाळ्यात आईबापांसोबत पानं मोजून पुडके बांधतात, त्या घरच्या पोराला हे कसं पटावं? सगळा वर्ग त्याच्या बाजूने झाला. पानं विकत घेणारा फडीवाला दहाचा पुडका फेकून देतो, एवढंच नाही तर शिव्याही देतो, अशी साक्ष निघाली. मंगली मॅडम क्षणभर अडखळल्या. एकदा मागे बसलेल्या दोघांकडे पाहिलं. मग पुढच्या चार-पाच पोरांना हाताशी धरून त्यांनी कसाबसा धडा रेटला. सुकलू उत्तरं देत होता, बाकीचे सुकलूकडे पाहत होते. मागच्या बाकाजवळची दीपाली पूर्ण तास सोनटक्के मॅडमच्या मनगटाकडे टक लावून होती. घंटा झाली.

घंटा झाली! निकुरे सरांना एकदम भरून आलं. कोणीही हाक मारली नव्हती.

बाहेर वाढई साहेब घामाघूम होते. एका हातात खिचडीची वाटी, दुसऱ्यात सरांचा फोन, पुढ्यात पवनकुमारचा बाप. "सर, हे रोज असते का?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं. सरांनी फक्त मान हलवली. त्यात मोठं समाधान होतं.

ऑफिसच्या खोलीत बसल्यावर सोनटक्के मॅडम उत्साहाने म्हणाल्या, "स्थानिक साहित्य, मुलांचा सहभाग! उत्तम देऊया."

"मध्यम," निकुरे सर म्हणाले.

"अहो, तुम्ही तिच्यासाठी सगळा तालुका डोक्यावर घेतलात, आणि आता मध्यम?"

"तिच्यासाठी नाई घेतला. पाहासाठी घेतला. आता पाह्यलं न. मागचे पोरं एक शब्द बोलले नाई. वजाबाकी एकट्या सुकलूनं केली."

मॅडमना ते दिसलंच नव्हतं. त्या सुकलूवरच खूश होत्या. सरांना पानांची कल्पना किती मेहनतीची आहे हे दिसलं नव्हतं. ते मॅडमनी दाखवलं. दोघं चांगले भांडले. चहा गार झाला. शेवटी सर म्हणाले, "तिलेच बोलावू."

"जिचं मूल्यमापन तिलाच?"

"मंग कोणाले? झाडाले?"

मंगली मॅडम आल्या. सरांनी मध्यम का, ते सांगितलं. वाढईंच्या मते ही बाई काही बोलत नसे. तिने आधी जमिनीकडे पाहिलं, मग सरळ सरांकडे.

"सर, मागचे पोरं रोज बोलतेत. आज त्याइच्या बाकावर तुमी दोघं बसून होते. तीन पोरं भिंतीले चिकटून बसले, तुमाले दिसलं नाई? आन् दीपाली बोलणार होती, त तिच्यापुढं मॅडमचं घड्याळ चमकून राह्यलं होतं."

सोनटक्के मॅडमनी नकळत मनगट पदराखाली घेतलं.

"पुडक्याचं चुकलं, ते माहं," मंगली पुढे म्हणाली. "सुकलूचं ऐकून सत्तराचंच घेतलं असतं त गोंधळ वाढला असता, पण दहाच्या काड्या घ्याले पाहिजे होत्या. तुमी मध्यम लिहा. पण काऊन ते लिहा, आन् मी काय करू ते बी लिहा. नुसतं मध्यम मी घेणार नाई."

सोनटक्के मॅडमनी मूल्यमापनाचा छापील कागद पुढे ओढला. त्यात कारणासाठी जागाच नव्हती, फक्त चौकटी होत्या. त्यांनी कागद उलटा केला आणि पाठीवर लिहायला सुरुवात केली. मधूनमधून विचारत होत्या, "हे बरोबर आहे का?" कधी मंगली नाही म्हणायची, कधी सर. पाठ भरली. शेवटी 'कायम करण्यास योग्य' लिहून दोघांनी सह्या केल्या. यादीतला तुमरीटोल्याचा रकाना मॅडमनी स्वतःच्या पेनाने काट मारून बंद केला. ठरलेल्या हॉलमध्ये पुढे प्रशिक्षण झालंच, जेवणवाल्याला परत बोलावून, पण त्यात बसायला मास्तर नव्हे, मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख बोलावले गेले. विषय होता, तास पाहायचा कसा. वाढई पहिल्या रांगेत होते.

पण ते पुढचं. त्या दुपारी सर खुर्चीत रेलून बसणार, एवढ्यात मंगलीने विचारलं, "सर, आता सातवीले तुमचा इतिहास आहे न? मी येतो पाहाले."

सरांचं नाक, पट्टीखाली, दुखायला लागलं. "तुह्या वर्गावर कोण राहीन?"

"मी जाते," सोनटक्के मॅडम उठल्या. "किती दिवस झाले वर्ग घेऊन." आणि खडू घेऊन निघूनही गेल्या.

मंगली सातवीत मागच्या बाकावर बसली नाही. पोरांमध्ये, सतरंजीवर बसली. सरांनी घसा खाकरला. हा धडा त्यांनी इतक्या वर्षांत इतक्यांदा शिकवला होता की मध्येच झोप लागली तरी तोंड चालू राहिलं असतं. त्यांनी सुरुवात केली. किल्ले आले, तह आले, सनावळ्या आल्या. पोरं आज विलक्षण शांत होती. सरांना वाटलं, रंगतोय तास. मग त्यांनी मंगलीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती पोरांकडे पाहत होती. सरांनीही तिथे पाहिलं. दोघं झोपली होती. एकाने वहीवर हत्ती काढला होता, चांगला काढला होता. सरांनी घाईघाईने एक प्रश्न विचारला आणि सवयीने त्याचं उत्तरही देऊन टाकलं.

घंटा झाली. व्हरांड्यात दोघं उभे राहिले. शेजारच्या वर्गातून सोनटक्के मॅडम बाहेर आल्या, केस विस्कटलेले, पदरावर खडू. "तो सुकलू," त्या एवढंच म्हणाल्या आणि पंपावर पाणी प्यायला गेल्या.

"सांग," सर म्हणाले. "मले चालते. मध्यम न?"

मंगलीने बराच विचार केला. "सर, मध्यमच्या खाली काय राह्यते?"

देवानंद निकुरे यांची मान ताठ झाली. गावभर बिबट म्हणवून घेतलं होतं, पट्टीचा मार खाल्ला होता, अख्ख्या सभेत उभं राहून बोलले होते. पण हे सगळ्यात झोंबलं. त्यांनी पाहिलं, तिच्या चेहऱ्यावर ना भीती होती, ना थट्टा. कारणं तयार होती.

"उद्या परत ये," ते म्हणाले. "हाच वर्ग, हेच पोरं, हाच धडा. आणि सतरंजीवर त्या हत्तीवाल्याच्या बाजूले बस. पाहू त खरं, कसा काढते तो हत्ती!"